चाक रिकामं फिरताना

आबा, काल ऐन आखाजीच्या तोंडावर मी गिरणी बंद केली. निफाडच्या अलीकडं आम्ही घातलेली ही गिरणी तुम्ही पाहिली नाहीत. तुमचं इंजिन घासलेटवर चालायचं, हे डिझेलवर चालतं. दारापासून रस्त्यापर्यंत बायका पाट्या घेऊन उभ्या होत्या आणि इंजिन ठोकत होतं. एक म्हणाली, "बये, पाव्हण्यांना काय दाणे चारू?" मी म्हटलं, "भिजवून चार." तुमचे जावई धावत आले. "अगं, डिझेल खराब आलंय, म्हणून ठोकतंय. सण होऊ दे, मग बघू." मग काय बघणार, कपाळ? बेरिंग गेलं तर नवं घालता येतं, पण त्यानं शाफ्ट खाल्ला की इंजिन भंगारात, आणि आम्ही दोघं परत लोकांच्या मळ्यात मजुरीला.

नाशकात तुम्ही तेलाच्या कारखान्यात इंजिनावर होता. मी भाकरी घेऊन येते, दारातूनच बडबड सुरू. तुम्ही खेकसता, "तोंड मिट. ते काय म्हणतंय ते ऐक आधी." बाभळीच्या काठीचं एक टोक बेरिंगवर, दुसरं माझ्या कानाशी. मग तुम्ही इंजिनाचं जळायचं तेल तोडता. चाक आपल्या वजनानं फिरत राहतं. "तेलासंगं ठोका गेला तर दोष जाळाचा. चाक रिकामं फिरताना बी राहिला, तर बेरिंग झिजलं समज." मग बेरिंगखालचं काळं तेल माझ्या तळहातावर चोळून, त्यात धातू चमकतोय का बघायला मला उन्हात न्यायचा. तसेच हात घेऊन मी घरी गेले की आई म्हणायची, "पोरीला कालवणातलं मीठ कळंना, अन् इंजिनाचं दुखणं कळतंय!"

काल तेच केलं. तेल तोडलं, काठी कानाला लावली, बायकांवर ओरडले, "गप बसा गं!" चाक मंदावलं तरी ठक, ठक चालूच. तळहातावरचं तेल उन्हात धरलं तर त्यात चांदीच्या वर्खासारखी चमक. यांना म्हटलं, "अहो, खोला." खोललं तर बेरिंगच्या आतला पांढरा धातू भाजलेल्या पापडासारखा तडकलेला, पोपडे सुटलेले. मी शाफ्टवरून नख फिरवलं. कुठंही अडकलं नाही, शाफ्ट शाबूत होता. तुमचे जावई बाहेर जाऊन त्या बायांना म्हणाले, "हिनं बंद केली म्हणून वाचली गिरणी." "अन् आमचं पीठ?" "जात्यावर दळा," मी आतूनच म्हटलं, "मी बी तेच करणार हाय."

तुम्ही असता तर एवढंच म्हणाला असता, "हं." मला तेवढं पुरलं असतं. चार यत्ता शिकलेल्या हातानं हे सगळं लिहिलं, आता कुठं टाकायचं? चुलीतच जाईल. पण एक गोष्ट मी यांनाही सांगितली नाही, आबा. बोल्ट ढिले होत होते ना, तेव्हा बेरिंग फुटकंच निघू दे म्हणून मी देवाला विनवत होते.