नायकाची माफी

आई, तुला एक विचारायचं होतं, आणि विचारायला तू नाहीस म्हणून इतक्या वर्षांनी पुन्हा नव्यानं तुझा राग आला. विषय ऐकलास तर हसशील. तू पापडाच्या कारखान्यात वाचून दाखवायचीस त्या प्रेमाच्या कादंबऱ्यांतला नायक. सगळ्यांत तो एकच असायचा, नाव तेवढं बदलायचं. उंच, तापट, मोटार स्वतः चालवणारा, आणि बाईनं 'नाही' म्हटलं की ते 'हो'च आहे असं धरून चालणारा. मनगट धरायचा, दार अडवून उभा राहायचा, तिचं कुठं जाणं कुठं न जाणं परस्पर ठरवायचा. तुला तो आवडायचा का गं? तू त्याच्याबद्दल बरं-वाईट एक अक्षर कधी बोलली नाहीस. फक्त वाचत राहिलीस.

शाळा सुटली की मी दप्तरासकट तळ्यामागच्या त्या लांबट खोलीत यायचे. उडदाचा आणि हिंगाचा वास, पोळपाटांची रांग, आणि भिंतीला टेकून तू. तुझ्यापुढं पोळपाट नसायचा, कारण तुमच्यात तसं ठरलेलंच होतं, वाचणारीच्या वाट्याचे पापड बाकीच्यांनी लाटायचे. दर बाईनं आपल्या लाट्यांबरोबर तुझ्याही चार लाट्या उचलायच्या. सातवी शिकलेली तू त्या खोलीतली सगळ्यात विद्वान. नायकानं आवाज चढवला की लाटणी खाडखाड वाजायची. एखादी म्हणायची, "मेला माजलाय नुसता!" आणि दुसरी लगेच, "तुला काय करायचं गो, दिसायला बरा हाय ना?" मग हशा. मालकांची तक्रार असायची की भांडणाच्या प्रकरणाला पापड जाड येतात. "बाई, ऑर्डर मोठी आहे, आज जरा गोडीगुलाबीचं वाचा," असं ते खरंच दारात येऊन सांगून जायचे. मला तेव्हा वाटायचं, या बायकांना तो आवडतो की नाही? शिव्या घालतात, आणि दुसऱ्या दिवशी पदर खोचून बसतात न बसतात तोच विचारतात, "मग पुढं काय केलंन त्यानं?"

हे सगळं वर आलं ते वाचनालयामुळं. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी दुपारची तिथं बसते. पुरात खालचे कप्पे पाण्यात गेले होते. जी पुस्तकं बचावली ती आम्ही गच्चीवर वाळवली, आणि त्यांत तुझ्या कादंबऱ्या निघाल्या, फुगलेल्या, पानं चिकटलेल्या. रविवारी कॉलेजच्या मुली वाचायला जमतात, त्यांनी एक उघडली आणि गोंधळच घातला. "मॅडम, हा नायक आहे? याच्यावर तर केस होईल!" एकीनं मनगट धरण्याचा प्रसंग इतका रंगवून वाचला की सगळ्या हसून लोळल्या. मीही हसले, पण जरा टोचलं. तुमच्या खोलीवर बाहेरचं कुणी हसतंय असं वाटलं. आता समितीत चर्चा आहे की ही पुस्तकं रद्दीत द्यावीत. त्या मुलींपैकी जी सगळ्यात मोठ्यानं हसत होती, तीच जाताना हळूच म्हणाली, "मी ही घरी नेऊ का? शेवट बघायचाय." मला अगदी पोळपाटावरची बाई आठवली.

आणि मग एका दुपारी मावशी आली. तुझ्या उजव्या हाताला बसायची ती कापडे गावची, तुझ्या लाट्या सगळ्यात आधी उचलणारी. आता मुलाकडं पोलादपूरला असते. गुडघे गेलेत, पण आवाज तोच. तिनं ती मोटारवाल्या नायकाची कादंबरी नातीला पाठवून आमच्याकडून नेली होती, ती माझ्या टेबलावर आपटली. "काय गो बाय, पुस्तकं अशी सांभाळता? पान फाडलंय कुनीतरी. माफीचं पानच नाय यात."

कुठलं माफीचं पान, ते तिनंच सांगितलं. नायिका रुसून बापाच्या घरी जाते. तो मागोमाग येतो. मोटार लांब उभी करतो, पायरीशी चपला काढतो, आत मात्र येत नाही. हात कुठं ठेवावेत ते त्याला कळत नाही. आणि बाप, भाऊ, शेजारी, सगळ्यांदेखत म्हणतो, "माझं चुकलं." मलाही ते लख्ख आठवत होतं, तुझ्या आवाजात. तेव्हा खोलीत लाटणी थांबली होती.

मावशीला ते पान हवं होतं नातीसाठी. नातीचं लग्न ठरलंय. मुलगा नोकरीला आहे, दिसायला चांगला, पण एकदा हिनं फोन लगेच उचलला नाही म्हणून स्टँडवर चारचौघांत हिच्या हातातला फोन हिसकावून त्यानं आपटला. घरचे म्हणतात, जीव आहे म्हणून रागावतो. नातही तसंच म्हणायला लागलीय. "तिला बोलले, त्याला आधी चुकलं म्हनायला लाव, मंगच साखरपुडा. तर मला हसते. बोलते, आजी, असं कोन म्हनतं का? मी बोलले, पुस्तकात हाय! थांब तुला दावते."

मग तिनं स्वतःचं सांगितलं, जे तुला बहुधा माहीत होतं आणि मला नव्हतं. नवऱ्यानं हात उगारला तेव्हा ती लेकराला घेऊन कापड्याला माहेरी निघून गेली. भातलावणीचे दिवस. तो आला आणि बांधावरूनच म्हणाला, "चल गो, भाकरी कोन करंल?" ही वाकलेली, वर बघितलंच नाही. तो गेला. दोन-चार दिवसांनी परत आला, तरी ही गप्प. शेवटी पँट दुमडून चिखलात उतरला आणि लावायला लागला, वाकडंतिकडं. संध्याकाळच्या सुमाराला खाली मान घालून पुटपुटला, "चुकलं माझं." मावशी म्हणाली, "मी बोलले, मोठ्यानं बोल, बापाला ऐकू जाऊ दे. पुस्तकातला बोलला तसा." आणि तो बोलला. पुढं आयुष्यभर तोंड चालवलं त्यानं, हात नाही.

पुस्तक ठेवून घेते, बघते, असं तिला म्हटलं, आणि ती गेल्यावर मी चिकटलेली पानं वाफेवर धरून एकेक सोडवली. आई, पान फाटलेलं नव्हतंच. आकडे ओळीनं होते. नायक बापाच्या घरी येतो खरा, पण मोटार थेट अंगणात घालतो, तिला दंडाला धरून आत बसवतो आणि म्हणतो, "तू माझी आहेस. यात विचारायचं काय?" आणि ती त्याच्या खांद्यावर डोकं टेकते. प्रकरण संपलं. चपला नाहीत, पायरी नाही, 'चुकलं' नाही. ते सगळं तू भिंतीला टेकून, पुस्तक समोर धरून, तोंडानं रचलं होतंस. मी किती तरी वेळ ते पान बघत बसले. मला हसू येत होतं, अभिमान वाटत होता, आणि भीतीही. त्या एका लबाडीवर एका बाईनं अख्खा संसार उभा केला होता, आणि आता तेच ती नातीला द्यायला निघाली होती.

वाटलं, तुझ्यासारखंच करावं. जावं आणि पुस्तक समोर धरून तुझं पान वाचून दाखवावं. कुणाला कळणार होतं? एसटीत पोलादपूरपर्यंत मी ते मनात घोळवत गेले. मावशीनं नातीला समोर बसवलं, स्वतः खुर्ची पुढं ओढली. "वाच गो." मी उघडलं, आणि जे छापलं होतं तेच वाचलं. त्या मुलीच्या चेहऱ्याकडं बघून मला खोटं बोलवेना. तिला उद्या त्या मुलासमोर उभं राहायचंय, तिथं तिनं पुस्तकाचा दाखला द्यायचा आणि पुस्तकानं तिला तोंडावर पाडायचं, हे मला नको होतं. 'यात विचारायचं काय' पर्यंत आले तेव्हा नात हसली नाही. खाली बघत म्हणाली, "तो पण हेच म्हणतो."

 मला वाटलं, मी मावशीचं काहीतरी मोडलं. मग तिनं विचारलं, "हा बोललाच नाय?"

"नाही, मावशी."

"मंग ते पायरीचं? चपलांचं?"

"आईनं रचलं असणार."

ती आधी माझ्याकडं, मग पुस्तकाकडं बघत राहिली. आणि एकदम मांडीवर हात मारून हसायला लागली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "लबाड गो तुझी आई! तरीच त्या दिशी एवढा वेळ वाचत होती, नि पान काय उलटत नव्हती!" मग पदरानं डोळे पुसले आणि नातीकडं वळली. आवाज एकदम निराळा. "बघ. पुस्तकातला एवढा मोटारवाला, तो नाय बोलला. आमचा अंगठेबहाद्दर चिखलात उभा राहून बोलला. म्हंजे बोलता येतं मानसाला. आता सांग, कोन म्हनतं म्हनून विचारत होतीस ना?"

आम्हाला चहा नातीनंच करून आणला. परवा मावशीचा फोन होता. साखरपुडा पुढं ढकललाय. तो मुलगा अजून बोललेला नाही. घरात सगळे मावशीवर चिडलेत आणि ती मजेत आहे.

कादंबऱ्या मी रद्दीत जाऊ दिल्या नाहीत. समितीला सांगितलं, मुली हसायला का होईना, वाचतायत. आणि तुला सांगायला हरकत नाही, 'तू माझी आहेस'चं ते पान मी नंतर घरी दोनदा वाचलं. एवढं सगळं होऊन, या वयात, छातीत जरा धडधडलंच. का, ते मला अजून उमगलेलं नाही. तुला उमगलं होतं का? की तुलाही धडधडायचं, आणि म्हणूनच तू ते बदललंस?

पण माझा खरा प्रश्न तो नाही. पायरीशी काढलेल्या चपला, कुठं ठेवावे ते न कळणारे हात, हे तुला कुठून सुचलं? असं काही तू पाहिलं होतंस, की नुसतं हवं होतं? आपल्या घरात मी ते कधी ऐकलं नाही. बाबांनी ताट सरकवलेलं आठवतं, दार लावून घेतलेलं आठवतं. पण मुलांना सगळंच ऐकू येतं असं थोडंच असतं. बाबा आता नव्वदीला आलेत, माझ्याकडंच असतात. तुझं नाव निघालं की शांत होतात. काल रात्री जेवताना धीर करून मी विचारलं, "बाबा, तुम्ही आईला कधी 'माझं चुकलं' म्हणाला होतात?"

कानाला हात लावून ते पुढं झुकले. "काय म्हणालीस?"

मी मोठ्यानं म्हटलं, "आमटी वाढू का?"