भंतेंचा दुभाषा

जालना
१२ ऑक्टोबर २००३

आयु. बेबीनंदास,
दादाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझं पत्र येऊन कितीतरी दिवस झाले, उत्तर आज देऊन राह्यलो. कारण ऐकलंस तर हसशील. तुझा भाऊ जपानी भाषा शिकून राह्यलाय. हसून झालं का? मंग पुढं वाच.

जुन्या जालन्यात एका कापड दुकानाच्या माडीवर नेट कॅफे निघालंय. शाळा सुटली की मी तिथं जातो. कॉम्प्युटरवर जपानी शिकवणारे पाठ आहेत. जगात कुणीही उघडावेत, फी न्हाई, फॉर्म न्हाई, मास्तरची छडी न्हाई. आधी नमस्कार, मंग नावगाव, मंग बाजार, रस्ता, जेवण. प्रत्येक पाठाखाली चाचणी असते, बराबर आलं की हिरवी खूण येते. माझ्या सगळ्या खुणा हिरव्या. शब्दाशेजारी कर्ण्याचं चित्र असतं, ते दाबलं की एक जपानी बाई बोलून दाखवते म्हणे, पण या कॅफेतल्या एकाही मशिनला आवाज न्हाई. पोरं गाणी लावून बसतात म्हणून मालकानं स्पीकर काढून ठेवलेत. आपल्याला कुठं गाणी ऐकायची आहेत? शब्द इंग्रजी अक्षरांत लिहिलेले असतात, ते वाचता येतात, बस झालं.

तुझ्या वहिनीला वाटतं मी कामातून गेलो. परवा जेवताना तिच्याकडं ‘गोहान’ मागितलं तर मुकाट्यानं उठून मिठाची बरणी आणून ठेवली. गोहान म्हंजे भात.

आता खरी बातमी. जानेवारीत आपल्या गावच्या विहारात जपानचे एक वयस्कर भंते येणार आहेत. तुझ्या वर्गातला कडूबा आता विहार कमिटीचा अध्यक्ष आहे, त्यानं नागपूरच्या विहाराशी लिहिणं करून हे जमवलं. नागपूरवाले सोबत दुभाषा पाठवणार होते. मी कडूबाला म्हणालो, बाहेरचा माणूस कशाला, वस्तीतलाच मास्तर असताना? दुभाषा नको म्हणून कळवून टाक. त्यानं कळवलं. आपली चुलती साळूकाकू तर बायांना सांगत फिरते की माझा पुतण्या भंतेंशी त्यांच्याच भाषेत बोलणार.

दाजींना जयभीम. लोभ आहेच, चिडवणं जरा आवरावं ही विनंती.

तुझा दादा,
तातेराव


अंबड
९ नोव्हेंबर २००३

आदरणीय दादास,
बेबीनंदाचा सविनय जयभीम. वि. वि.

तुझं पत्र मी वॉर्डात सगळ्या सिस्टरांना वाचून दाखवलं. मिठाच्या बरणीपाशी एवढ्या हसल्या की डॉक्टर बघायला आले. चिडवणं आवरायचं म्हणतोस, पण तू संधीच इतक्या देतोस त्याला मी काय करू?

हसणं बाजूला ठेवून एक सांगते, रागावू नकोस. मागं आमच्याकडं आंध्रातली एक बाई बाळंतपणाला आल्ती. मी आदल्या दिवशी एकाकडून तेलुगू शब्द कागदावर लिहून घेतले, पाठ केले, मोठी शहाणी झाले. रात्री ती कळांनी ओरडून बोलायला लागली तेव्हा कागदातला एक शब्द तिच्या बोलण्यात सापडला न्हाई. सगळे असतील त्यात, मलाच ओळखू आले न्हाईत. म्हणून म्हणते, तू ती जपानी बाई कानानं ऐक. औरंगाबादला आवाजाची मशिनं असतील. जल्दी जाऊन ये. आणि नागपूरच्या माणसाला नको म्हणायला नको होतं. तो आला असता तर तुझं काय बिघडलं असतं?

साळूकाकू डोळ्यांत औषध घालायला आल्ती. तुझंच पुराण लावलं. मी विचारलं, काकू, तुझं कसं चाललंय? तर म्हणाली, बकऱ्या आहेत तोवर मला काय कमी. विहाराशेजारची ती चिंचोळी जागा आणि त्यावरचं बकऱ्यांचं शेड, एवढंच तर तिच्या नावावर आहे. तरी कुणाकडं हात पसरत न्हाई.

जानेवारीत रजा मिळायची आशा न्हाई, पण प्रयत्न करते. माया आहे तशी ठेव, पुढच्या पत्रात मात्र ऐकलं की न्हाई ते आधी लिही.

तुझी,
बेबी


अंबड
२५ जानेवारी २००४

आदरणीय दादास,
सविनय जयभीम. वि. वि.

आठवडा झाला, वाट बघून राह्यले. एवढा मोठा कार्यक्रम झाला आणि बहिणीला दोन ओळी न्हाईत? मोठा माणूस झालास बाबा. मला सगळं बाहेरून कळलं. बाजारात गावाकडची केशरबाई भेटली, तिनं सांगितलं की तू भंतेंच्या शेजारी बसून एकेक वाक्य असं फोडून सांगितलंस की म्हाताऱ्या माणसांच्या डोळ्यांत पाणी आलं. भंते पोरींसाठी अभ्यासिका बांधून देणार म्हणे. मी तुला नको नको ते लिहिलं, आता कान धरते. वॉर्डात पेढे वाटलेत.

पण साळूकाकूनं आपली जागा देऊन टाकली हे ऐकून मी जागच्या जागी बसलेच. भर सभेत उभी राहून दिली म्हणे. दुसऱ्याच दिवशी शेड मोडलं आणि बकऱ्या केशरबाईला अर्धलीनं, म्हंजे निम्म्या वाट्यानं सांभाळायला दिल्या. या महिन्याअखेर न्हाईतर पुढच्या, कडूबासोबत भोकरदनला जाऊन जागेचा कागद करून देणार आहे. तिचं मोठेपण मोठंच, पण दादा, तिनं खायचं काय? भंतेंचं काम कधी सुरू होणार, ते तू बराबर विचारून घेतलंस ना? काकूला तुझ्यावर भरवसा आहे, म्हणून विचारते.

जल्दी लिही. तुझ्या मायेची हक्कदार,
बेबी


जालना
८ फेब्रुवारी २००४

प्रिय बेबी,
जयभीम.

दोनदा एसटीडीवर गेल्तो. नंबर फिरवला आणि ठेवून दिला. तोंडानं सांगणं होईना म्हणून लिहून राह्यलो. वाचून झाल्यावर हे पत्र फाडून टाक. वॉर्डात वाचू नकोस.

भंते बोलायला लागले आणि मला काही कळलं न्हाई. थोडं कळलं, थोडं न्हाई, असं न्हाई. एक शब्द कळला न्हाई. पाठात शब्द सुटे सुटे उभे असतात. त्यांचं बोलणं एकसलग, कुठं एक संपतो आणि कुठं दुसरा सुरू होतो तेच कळेना. तू लिहिलं होतंस. मी औरंगाबादला गेलो न्हाई. हिरव्या खुणा बघून फुगून बसलो.

ते थांबले, माझ्याकडं पाहिलं. मंग सगळी वस्ती माझ्याकडं बघायला लागली. तेव्हा हात जोडून एवढंच म्हणायचं होतं की मला समजलं न्हाई. माझ्या वर्गातली पोरं रोज म्हणतात. माझ्याच्यानं झालं न्हाई. बोलताना त्यांनी विहाराच्या पत्र्याकडं हात केल्ता, तेवढं धरून मी सांगितलं की भंते म्हणतात, हा गळका पत्रा पाहून जीव कळवळला, इथं पोरींसाठी अभ्यासिका बांधून देऊ, जागा तेवढी वस्तीनं द्यावी. टाळ्या पडल्या. आणि बेबी, खरं सांगतो, टाळ्या ऐकून मला पुढचंही सुचत गेलं. ते बोलत राह्यले, मी रचत राह्यलो.

मंग साळूकाकू उठली, बोलली, जागा दिली म्हणाली. मी भंतेंकडं वळून ‘अरिगातो’ म्हणालो. म्हंजे आभार. तेवढाच शब्द तोंडात आला. त्यांनी हात जोडले, लोकांना वाटलं पक्कं झालं.

कडूबानं सगळं टेप केलंय. ती कॅसेट मागून आणली आणि आता औरंगाबादला गेलो, दर रविवारी जातो. तेच पाठ पहिल्यापासून हेडफोन लावून ऐकले. जिथं ते पाठ आहेत तिथंच इंटरनेटवर नवशिक्यांना फुकट मदत करणारी जपानी माणसं असतात. कॅसेटमधलं जे ऐकू येईल ते लिहून त्यांना विचारत गेलो. भंते म्हणाले होते की आमच्या डोंगरातल्या विहाराचंही छत असंच गळतं. माझ्याकडं तुम्हाला द्यायला काही न्हाई. तुमच्यात बसायला आलो, बसू दिलंत, माझ्यावर उपकार झाले.

शाळेत पोरांसमोर उभं राहवत न्हाई. बदलीचा अर्ज लिहून ठेवलाय. तू एक कर. काकू तुझ्याकडं डोळ्यांसाठी येईलच, तिला सांग की जपानहून निरोप आला, काही अडचणीनं काम रद्द झालं, कागद करू नको. तू सांगितलंस तर तिला पटेल.

लोभ ठेव असं कोणत्या तोंडानं लिहू?

तातेराव


अंबड
१२ फेब्रुवारी २००४

दादास,
जयभीम.

तो निरोप मी सांगणार न्हाई. न म्हटलेलं एकदा त्या भल्या माणसाच्या तोंडी घातलंस, आता दुसऱ्यांदा घालायला मला सांगतोस? आणि तेही काकूला, जिनं आई गेल्यावर माझी वेणीफणी, आपल्या दोघांचे डबे, आजारपणं काढली?

मला राग आलाय आणि लाजही वाटते. पेढे मीच वाटले. आज ड्युटीवर एका सिस्टरनं विचारलं, काय गं, जपानी दादा काय म्हणतात? मी औषधाच्या खोलीत जाऊन उभी राह्यले.

बदली बिलकुल मागायची न्हाई. काकू काल आल्ती. बकऱ्या नसल्यानं सकाळी उठून काय करावं सुचत न्हाई म्हणत होती. महिनाअखेर भोकरदनला जाणार आहे. त्याच्या आधीच्या रविवारी गावी जा. वंदना झाली की सगळे बसलेले असतात, तिथं उभं राहून सांग. कडूबाच्या कानात न्हाई, काकूच्या घरात हळूच न्हाई. जिथं खोटं सांगितलंस तिथंच. पत्र मी फाडलं न्हाई, फाडणारही न्हाई. जाऊन आलास की तुझ्या हातचं दुसरं पत्र येऊ दे.

माया आहे, म्हणून तर एवढं लिहिलं.

बेबी


जालना
२३ फेब्रुवारी २००४

आयु. बेबीस,
दादाचा जयभीम. वि. वि.

काल गेल्तो. सांगितलं.

वंदना झाल्यावर उभा राह्यलो. काही लपवून ठेवलं न्हाई. कॅसेटमधलं भंतेंचं बोलणं वाक्यावाक्यानं सांगितलं.  कडूबानं एवढंच विचारलं, नागपूरचा दुभाषा नको असं मला कुणी लिहायला लावलं होतं? मी म्हणालो, मीच. मागं कुणीतरी हसलं. दोघेतिघे उठून गेले. आपला नेहमीचा माणूस समोरून जाताना नजर देत न्हाई तेव्हा कसं होतं, ते मला काल कळलं. केशरबाई तिथंच म्हणाली की बकऱ्या संध्याकाळी आणून बांधते. भोकरदनला जाणं रद्द झालं. जागा काकूचीच राह्यली.

मला वाटलं आता काकू शिव्या देईल. मी मनानं तयार होतो, खरं तर तेच हवं होतं. सगळे गेल्यावर ती जवळ आली आणि विचारलं की मी उभी राहून बोलले, ते तू भंतेंना काय सांगितलंस?

तू तिथं नव्हतीस, म्हणून तिचं बोलणं तुला लिहितो. आपली उषा गेल्यापासून काकूनं पोरीचं नाव घरात कुणाला घेऊ दिलं न्हाई, तुला ठाऊक आहे. त्या दिवशी स्वतः घेतलं, भर सभेत, भंतेंकडं बघून. म्हणाली, माझी उषा ह्याच शेडात बकऱ्यांपाशी पोतं टाकून अभ्यास करायची. साप चावून गेली. नंतर सातवीचा निकाल लागला, त्यात पास झाल्ती. तिच्या जागेवर पोरी बसून शिकल्या तर मी रोज बघायला येईन. असं सगळं बोलून खाली बसली.

मी तिला खरं सांगितलं. म्हणालो, काकू, मी तुझं काहीच सांगितलं न्हाई. मला सांगता येत नव्हतं. नुसतं आभार म्हणालो.

 ती म्हणाली, पण ते तर मान हलवत होते.

ते सगळ्यांच्याच बोलण्यावर मान हलवत होते, हे मी तिला सांगितलं न्हाई. तिला ते कळलंच होतं. जागेचं, शेडाचं, बकऱ्यांचं तिनं अवाक्षर काढलं न्हाई. एवढे दिवस ती हे धरून बसली होती की उषाचं नाव लांबच्या एका मोठ्या माणसाच्या कानी पडलं, त्यानं ऐकून घेतलं.

मी म्हणालो, काकू, आता मला जमतं, त्या लोकांची मदत घेऊन तुझं बोलणं जपानीत नीट लिहितो, नागपूरमार्फत भंतेंना पाठवतो. एक शब्द इकडचा तिकडं होणार न्हाई. तर म्हणाली, राहू दे. उषाचं नाव तुझ्याकडून जायला नको. एवढं बोलून घरात गेली आणि दार लोटून घेतलं.

बदलीचा अर्ज टाकून दिला. लोभ वाढावा असं दर पत्रात लिहायची सवय आहे. या खेपेला माझ्यासाठी मागत न्हाई. रजा मिळाली की तेवढी काकूकडं जाऊन ये, तिच्याजवळ बस, आणि ती बोलली तर ऐक.

तुझा,
तातेराव