ग्लेनने आणलेली रॅम

१४ डिसेंबर, रविवार

आठच्या दोन, सोळाची एक, की सोळाच्या दोन? तिन्ही चालतात म्हणे! मग विचारतात कशाला?

३१ जानेवारीला लेकीला, इझाबेलला, कॉलेजात तीन मिनिटांची अ‍ॅनिमेशन फिल्म द्यायची आहे. तिचा जुना लॅपटॉप एकेका चित्राला पाच-पाच मिनिटं घेतो आणि मग बंदच पडतो. म्हणून डेस्कटॉप, सुटे भाग घेऊन. बाकी सगळं नालासोपाऱ्याच्या जितेशच्या दुकानातून आलं. राहिली रॅम. त्याच्याकडे नाही, बाजारात टंचाई आहे.

"ती मी निवडते," म्हणाले. का म्हणाले? दोन वांग्यांतलं एक निवडतानाही माझं ठरत नाही म्हणून घरात हसतात, म्हणून? असेल.

जितेश भराभर सांगत होता. "मॅडम, या बोर्डला डीडीआर फोरच. फाइव्ह घेतलीत तर बसणारच नाही. स्पीड बत्तीसशे बघा. सीएल सोळा भेटली तर एक नंबर!" सगळं वहीत उतरवलं. सीएल म्हणजे काय, ते विचारायचं राहिलं. शिक्षिकेने कसं विचारायचं, असं वाटलं. हा फुकटचा ताठा.

१७ डिसेंबर

सीएल कळलं. मागितलेली माहिती हाती येईपर्यंतचा उशीर. म्हणजे हा आकडा लहान हवा. स्पीडचा मोठा हवा. पण स्पीड मोठा घेतला की हाही मोठा होतो! मग मिळवलं काय?

१९ डिसेंबर

मदरबोर्डच्या कंपनीने चाचणी घेतलेल्या रॅमची यादी दिली आहे. चारशेच्या वर नावं. दीडशेपर्यंत वाचली. जॉनथन बघत होता. "प्रिस्का, लग्नाआधी माझी एवढी चौकशी केली असतीस तर मी वाचलो असतो!"

ग्लेन जानेवारीत दोह्याहून येतोय. धाकटा भाऊ माझा, आणि इझाबेलचा धर्मपिता. बाप्तिस्म्याला मेणबत्ती त्यानेच धरली होती. म्हणाला, "बाय, रॅम मी आणतो, माझ्याकडून इझाला. फक्त कोणती ते नीट सांग."

नीट सांग! तेच तर येत नाही.

२१ डिसेंबर, रविवार

सुचलं! ब्लाउजपीस आणायला आपण साडीचा तुकडाच देतो, रंगाचं नाव सांगत बसत नाही. तसंच करायचं.

जॉनथनचा स्क्रूड्रायव्हर घेऊन जुना लॅपटॉप उघडला. रॅमची हिरवी पट्टी काढली. तिच्यावर काय लिहिलेलं? डीडीआर फोर, बत्तीसशे! आकडे सगळे जुळले. टेबलावर ठेवून अगदी जवळून, अक्षरं वाचता येतील असा फोटो काढला आणि माहेरच्या ग्रुपवर टाकला. त्या ग्रुपवर आई आणि आम्ही भावंडंच. खाली लिहिलं, "ग्लेन, अशीच. पण सोळा जीबीच्या दोन."

आठवड्यात पहिल्यांदा डोकं शांत आहे.

३ जानेवारी

चाचणीचे पेपर. नववी ब. सतरा जणांनी नकाशाला प्रमाण दिलेलं नाही, सतरा जणांचा अर्धा अर्धा गुण कापला. शिवाय दिवसभर फोन, तपासता तपासता उत्तरं देत होते. मान दुखते आहे.

९ जानेवारी, शुक्रवार

लिहावंसं वाटत नाही. पण लिहिते.

ग्लेन काल आला, आज जेवायला आमच्याकडे. इझाबेलने खोका उघडला आणि पट्टी उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाली, "मामा, ही लॅपटॉपची आहे."

रॅममध्ये लॅपटॉपची वेगळी असते? चारशे नावांची यादी, बत्तीसशे, सोळा — आणि हे मला कुठे दिसलंच नाही? की दिसलं आणि मी पुढे गेले?

इझाबेल रडवेली झाली होती. "डेस्कटॉपची म्हणून सांगायचं ना दुकानदाराला! एवढंही कळत नाही?"

जॉनथनला तर मेहुण्याची चेष्टा करायला निमित्तच हवं असतं. "दहा वर्षं दोह्यात काढली आणि आला उंट होऊन!"

ग्लेन हसला. "चुकलं बाबा. माझंच चुकलं." एकदा माझ्याकडे बघितलं त्याने. मी त्याला आणखी एक बोंबील वाढला.

बोंबील वाढला! तोंड उघडायचं होतं तेव्हा!

१० जानेवारी

फूटपट्टी घेऊन मोजलं. पट्टी जेमतेम सात सेंटिमीटर. बोर्डवरची खाच सव्वातेरा. निम्मी!

ग्रुपवरचा फोटो पुन्हा बघितला. टेबल आणि पट्टी, बाकी काही नाही. शेजारी पेन नाही, काडेपेटी नाही. किती लांब ते कळणार कसं? सतरा मुलांचे गुण कापणारी भूगोलाची बाई मी. माझे कोण कापणार?

रविवारी मिस्साआधी पापनिवेदन आहे. तिथे काय सांगू? "फादर, मी बोंबील वाढला"? खोटं तर मी बोललेच नाही. मग एवढं का टोचतंय?

१३ जानेवारी

ग्लेन सुट्टीतला अख्खा दिवस घालवून नालासोपाऱ्याला जाऊन आला. एकटाच. जितेशने लॅपटॉपच्या दोन्ही पट्ट्या ठेवून घेतल्या आणि कुठूनतरी डेस्कटॉपची सोळाची एक मिळवून दिली. दोन असत्या तर वेग आणखी वाढला असता म्हणे. पण कॉम्प्युटर चालू झाला! इझाबेल कामाला बसली. "थँक्यू मामा" म्हणाली, स्क्रीनवरून नजर न काढता. पूर्वी गळ्यात पडायची.

हे माझ्यामुळे.

१५ जानेवारी, गुरुवार

सांगितलं. जेवताना, इझाबेल आणि जॉनथन दोघांना. "फोटो मी पाठवला होता. लॅपटॉपमधल्याच रॅमचा. त्याने माझ्या नमुन्याबरहुकूम आणली." ग्लेन तेव्हा आईकडे होता. त्याच्यासमोर सांगायला हवं होतं का? हवं होतं. पण सांगितलं तरी!

जॉनथन म्हणाला, "अरेरे, बिचाऱ्या उंटाची माफी मागायला हवी."

इझाबेलचं समाधान नाही झालं. "पण मम्मी, त्यांनी एकदा तरी विचारायला नको? फोटो आला की डोळे मिटून घेऊन टाकायची?"

मी म्हटलं, "हो, विचारायला हवं होतं."

आता हलकं वाटतंय. अर्धी चूक माझी, अर्धी त्याची. हिशेब बरोबर ना?

१६ जानेवारी

ग्लेन गेला. सुकेळी दिली, आमच्या वाडीच्या केळ्यांची. इझाबेल विमानतळावर आली नाही. काम आहे म्हणाली.

१७ जानेवारी, शनिवार

सकाळी ग्लेनचा मेसेज. "पोचलो. सुकेळी अर्धी विमानातच संपली!" ग्रुपवर नाही, मला एकटीला. उत्तर द्यायला गेले आणि वरचं दिसलं.

३ जानेवारी, दुपारी बारा चाळीस. "बाय, फोटोतली लॅपटॉपची वाटते गं. दुकानदार म्हणतो डेस्कटॉपची लांब असते. इझाला नक्की हीच हवी ना? ग्रुपवर नाही विचारत, सगळे तुला हसतील."

खाली माझं. बारा एकेचाळीस. "अरे तीच! तीन आठवडे अभ्यास केलाय मी. डोळे मिटून घे."

इझाबेल फिल्म करत बसली होती. फोन तिच्यापुढे ठेवला. "वाच," म्हटलं. "मोठ्याने. पप्पांनाही ऐकू दे."