रंग यादीत नव्हता

बाबा,

आज दुपारी शेजारच्या बाई आल्या होत्या. त्यांची मुलं सुट्टीत पत्ते खेळायला बसली आहेत आणि त्यांना डावाचे गुण ठेवायला काहीतरी हवं होतं. "तुमच्याकडे चिंचोके वगैरे आहेत का हो?" त्यांनी विचारलं. मी कपाटातून तो चकत्यांचा डबा काढला. तुम्ही गेल्यापासून मी तो उघडला नव्हता. डोंबिवलीला आले तेव्हाही दोरी न सोडता तसाच आणला होता. द्यायच्या आधी चकत्या पुसून घ्याव्यात म्हणून फडकं घेतलं, दोनचार पुसल्या आणि थांबले. बाईंना मूठभर वाल दिले. त्या गेल्यावर दार लावलं. आता संध्याकाळ होत आली आहे आणि मी लिहायला बसले आहे. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, त्यामुळे घाई नाही.

कल्याणच्या क्वार्टरमध्ये आपल्याकडे आधी बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. त्यात तीन पिशव्या होत्या. चिंचोका म्हणजे एक, कवडी म्हणजे पाच, आणि इंजिनांच्या शेडमधून आणलेला पितळी वायसर म्हणजे दहा. पैसे लावून खेळणं तुम्हाला मान्य नव्हतं, पण उगाच खेळायचं म्हणून खेळणंही मान्य नव्हतं. नवे चिंचोके आणले की तुम्ही ते परातीत पाण्यात टाकायचात. तरंगले ते पोकळ, ते फेकायचे. बुडालेले वाळवून, जाड फडक्यात घालून चोळायचे. ओठ फुटलेली कवडी बाद. माझ्या तळहातावर एकेक ठेवून तुम्ही विचारायचात, "ठेवायचा की टाकायचा?" मी आठ-नऊ वर्षांची असेन. चांगल्या वस्तूच्या चार खुणा तुम्ही मला तेव्हा शिकवल्या. वजन हवं, म्हणजे माणूस टाकताना विचार करतो. आवाज हवा, म्हणजे कोणी काय टाकलं ते न बघता कळतं. कड हवी, बोटाला सापडेल अशी. आणि एकावर एक रचल्या तर पडता कामा नयेत. ही चौथी अट फक्त वायसर पुरी करत. चिंचोके रचता येत नाहीत, याची तुम्हाला खंत होती. हे हसण्यासारखं आहे, पण आपण दोघंही त्याला हसलो नव्हतो.

आई गेल्यावर आपल्या घरात फारसं बोलणं होत नसे. तुमची पाळी सकाळची असली की दुपारी दोघे जण रमी खेळायला येत. यार्डातले जमादारकाका, मूळचे बाळकुमचे, आपल्या भिंतीला लागूनच राहायचे. आणि रेल्वेच्या दवाखान्यातले कंपाउंडर. तुम्ही यार्डात डबे हलवायचं, शंटिंगचं इंजिन चालवायचात आणि जमादारकाका खाली उभे राहून तुम्हाला झेंडा दाखवायचे. त्यांची माणसं डब्यांच्या मधे शिरून साखळी जोडायची. पुष्कळदा ते स्वतःच शिरायचे. हिरवा झेंडा म्हणजे सावकाश ढकल, लाल म्हणजे उभा राहा. एवढ्यावर ते शिरत असत. घरी मात्र ते तुमच्यावर वचपा काढल्यासारखं खेळायचे. "इंजनावर तुमचा हुकूम, पत्त्यावर माझा," असं म्हणायचे आणि हरायचे. मी चहा देऊन स्वयंपाकघराच्या दारात बसत असे. ते तीन तास आपल्या घरात माणसं राहतात असं वाटे.

मी ठाण्याच्या शाळेत नोकरीला लागले त्या वर्षीची गोष्ट. तलावाच्या मागच्या गल्लीत एक दुकान होतं. साहेब लोक देश सोडून गेले तेव्हा लिलावात निघालेलं सामान दुकानदाराकडे अजून पडून होतं. मी त्याला म्हटलं, पत्त्यांच्या खेळात वापरतात ते दाखवा. त्याने दोन डबे काढले. एकात हाडाचे जुने तुकडे होते: काही गोल, काही लांबट, काही माशाच्या आकाराचे. दुसऱ्यात बॅकेलाइटच्या, त्या जुन्या टणक प्लास्टिकच्या, चकत्या होत्या. सगळ्या सारख्या गोल, फिक्या पिवळ्या, हिरव्या आणि लाल. मी तुमच्या रीतीने बघितलं. चकती तळहातावर धरली. गल्ल्याच्या फळीवर टाकून आवाज ऐकला. अंगठा कडेवरून फिरवला. वीस चकत्या रचल्या आणि फळीवर हात आपटला. रास हलली, पडली नाही. दुकानदार गंमत बघत होता.

"कोणासाठी आहे, बाई?"

"वडिलांसाठी."

"मग हे हाडाचे न्या. वयस्कर माणसांना बरे. हाताला कळतात."

"माझे वडील इतके म्हातारे नाहीत," मी म्हटलं. मला राग आला होता. मी बॅकेलाइटच्या घेतल्या. तुमच्या चारही खुणांना त्या उतरल्या होत्या. रंग तुमच्या यादीत नव्हता, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं नाही. तुम्ही भाजीवाल्याकडे मिरच्या मला निवडायला लावायचात आणि टोमॅटो स्वतः दाबून बघायचात, हेही आठवलं नाही.

त्या दुपारी तुम्ही डबा उघडता. एक चकती उचलून कानाशी नेता, नखाने वाजवता. "चीज आहे," म्हणता. माझ्याकडे बघत नाही, पण मला कळतं. मी सांगते: पिवळी एक, हिरवी पाच, लाल दहा. जमादारकाका पिशवीतले चिंचोके ओंजळीत घेऊन म्हणतात, "चला, आमची गरिबाची नाणी बाद झाली." डाव सुरू होतो. पत्त्यांत तुम्ही कधीच चुकत नाही. बदाम काळा दिसला तरी बदामासारखाच असतो. पहिला डाव जमादारकाका जिंकतात आणि पाच मागतात. तुम्ही लाल चकती सरकवता.

"काय डायवर, पाच मांगले न दहा देता? रोज असंच खेळा!"

सगळे हसतात. तुम्हीही. मग कंपाउंडरांना दहा द्यायचे असतात आणि तुम्ही हिरवी देता. पुन्हा हसू. तिसऱ्या वेळी तुमचा हात राशींवर थांबतो, एकीवरून दुसरीवर जातो, परत येतो, आणि पुन्हा चुकीची चकती उचलतो. जमादारकाका मोठ्याने म्हणतात, "झेंडा पण असाच बघता काय?" आणि एकटेच हसतात. कंपाउंडर हसत नाहीत. ते एक हिरवी चकती तुमच्यापुढे धरतात. "ही कुठली?"

"शाळा घेता काय माझी?"

"सांगा तर."

तुम्ही चकतीकडे बघत नाही. दारात बसलेल्या माझ्याकडे बघता. इंजिनावर तुमचा फायरमन सिग्नल मोठ्याने पुकारतो आणि तुम्ही तो परत म्हणता, अशी रीत असते. ते मला ठाऊक होतं. मी म्हणाले, "हिरवी आहे, त्यात काय विचारायचं," आणि कप उचलायला पुढे झाले. तुम्ही म्हणालात, "हिरवी." जमादारकाकांनी पत्ते पिसायला घेतले. निघताना कंपाउंडर चपला घालता घालता हळूच म्हणाले, "पुढल्या महिन्यात तपासणी आहे ना तुमची? त्याआधी एकदा डॉक्टरांना दाखवा." तुम्ही म्हणालात, "बघू."

तीनचार दिवसांनी तुम्ही स्वयंपाकघरात आलात. मी पोळ्या करत होते. तुमच्या हातात डबा होता. तुम्ही पाट भिंतीशी सरकवून बसलात आणि म्हणालात, "एकेक तिकडे धर आणि विचार. मी चुकलो तर चूक म्हण." मी हात पुसून डब्यातून एक चकती काढली आणि समोर धरली.

"लाल."

ती हिरवी होती. तुम्ही चकतीकडे बघत नव्हतात, माझ्या तोंडाकडे बघत होतात. आई गेली त्या दिवशी डॉक्टरांच्या तोंडाकडे तुम्ही असंच बघितलं होतं.

"बरोबर," मी म्हणाले.

अशा दहा झाल्या. चार चुकल्या. मी दहाही वेळा बरोबर म्हणाले. तुम्ही सुटल्यासारखे हसलात. "मग कंपाउंडरच खुळा झालाय," म्हणालात आणि त्या दिवशी दोन पोळ्या जास्त खाल्ल्यात. तुम्हाला जेवताना बघून मला बरं वाटलं. हेही लिहायला हवं.

त्यानंतर तीन आठवडे तुम्ही कामावर जात होता. आपल्या घरात यार्डाचा आवाज सतत यायचा. इंजिन डब्यांना टेकलं की एकावर एक डबे आदळत जायचे, आणि शेवटचा आवाज दूर जाऊन विरायचा. लहानपणापासून मी त्या आवाजात अभ्यास केला होता, झोपले होते. आता तो आवाज आला की मी हातातलं काम सोडून उभी राहत असे आणि त्यानंतर कोणी ओरडतं का ते ऐकत असे. कोणी ओरडलं नाही. फायरमन जागरूक होता. पण मी मात्र रोज सकाळी नळावर जमादारकाकांना बघत होते, ते आपली घागर बाजूला सारून म्हणत, "मास्तरीणबाईंचा नंबर आधी," आणि मी हसत होते. ज्या माणसाला डब्यांच्या मधे उभं राहायचं आहे, त्याच्याशी मी हसत होते.

तपासणीहून तुम्ही दुपारी परत आलात. टोपी खुंटीला अडकवली, पाणी प्यायलात. अंधाऱ्या खोलीत लहानसा दिवा दाखवतात आणि रंग विचारतात, एवढं मला माहीत होतं. तुम्ही भांडं पालथं घातलंत आणि म्हणालात, "तिथे कोणी बरोबर म्हणालं नाही."

त्यापुढे त्या विषयावर तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. मला कधी रागावलाही नाहीत. तुम्हाला इंजिनावरून उतरवलं आणि दिव्यांच्या खोलीत घेतलं. कंदिलांत तेल घालायचं, वाती कापायच्या, लाल आणि हिरव्या काचा पुसायच्या. डॉक्टर म्हणाले, तंबाखूमुळे होतं असं. तुम्ही तंबाखू सोडली. रंग परत आले नाहीत. दोन दिवसांनी नळावर जमादारकाकांनी मला विचारलं, "पोरी, तुला ठाव होतं?" मी "नाही" म्हणाले. ते म्हणाले, "बरं." त्या दिवशी त्यांनी माझा नंबर आधी लावला नाही. दुपारी खेळायला कोणी आलं नाही, पुढच्या आठवड्यातही नाही. कोणी येऊ नका म्हणालं नव्हतं. मी दोन जास्तीचे कप वरच्या फळीवर ठेवले. नंतर आपण दोघं त्या घरात सात वर्षं राहिलो. जेवण झालं का, दिवा मालवू का, पाणी आलं का, एवढं बोललो.

आज दुपारी फडक्याने पुसताना बोटाला काहीतरी लागलं. लाल चकतीच्या कडेला एक खाच आहे. बारीक, कानशीने घासलेली, वरून नीट गुळगुळीत केलेली. मी दुसरी घेतली. तिलाही. मग सगळ्या चकत्या पलंगावर ओतल्या आणि एकेक बघितली. प्रत्येक लाल चकतीला एक खाच आहे. हिरव्यांना नाही. एकही चुकलेली नाही. बराच वेळ मला वाटत होतं की आपल्याला समजलं, आणि मग लक्षात आलं की समजलेलं नाही. लाल वेगळ्या काढल्याशिवाय त्यांना खाच पाडता येणार नाही, आणि त्या तुम्हाला वेगळ्या काढता येत नव्हत्या. म्हणजे कोणीतरी तुमच्यासमोर बसून एकेक उचलून सांगत होतं, ही लाल, ही हिरवी. जमादारकाका असतील, कदाचित दिव्यांच्या खोलीतला कोणी असेल. मला माहीत नाही. मला तुम्ही विचारलं नव्हतं.

आता त्या सात वर्षांतली एक दुपार कळते. तुम्ही खिडकीशी बसला होता. डबा मांडीवर होता आणि खिडकीच्या कट्ट्यावर एक लहान कानस पडली होती. मला वाटलं, कुलूप दुरुस्त केलं असेल. तुम्ही कॅट पिसत होता, पण पत्ते वाटत नव्हता. मी आतून बाहेर आले तेव्हा तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "एक डाव टाकू या? दोघांत होते रमी." इतक्या वर्षांत तुम्ही पहिल्यांदा काही मागत होता. मला एवढंच दिसलं की तुम्ही पुन्हा चुकीची चकती पुढे कराल आणि मला पुन्हा काहीतरी म्हणावं लागेल. मी म्हणाले, "आज नको, बाबा. पेपर तपासायचे आहेत." तुम्ही मान हलवलीत. पत्ते खोक्यात घातलेत, डब्याला दोरी बांधलीत. मी आतल्या खोलीत जाऊन टेबलाशी बसले आणि तुम्ही उठून जाईपर्यंत तशीच बसून राहिले.

तेव्हा मे महिना होता, बाबा. शाळेला सुट्टी होती. पेपर नव्हते, आणि ते तुम्हालाही ठाऊक होतं.