बावीस सह्यांची वही

मी, खाली सही करणारी, फुटबॉल क्लबच्या कचेरीतली निवृत्त पगार कारकून, वय वर्षे एकोणसत्तर, हे मृत्युपत्र राहत्या घरी, स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मनाने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हृदयाबद्दल मात्र डॉक्टरांनी फारसे चांगले सांगितलेले नाही. याआधी मी मृत्युपत्र केले नव्हते, कारण ज्याला द्यायचे असा माणूस एकच होता आणि त्याला सगळे आपोआप मिळाले असते. तो माझा मुलगा. तो गेल्या वर्षी गेला. मला एकतीस वर्षे दुसऱ्यांचे पगार लिहायची सवय आहे, स्वतःबद्दल लिहायची नाही. जिथे जास्त लिहिले जाईल तिथे वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावे.

कलम १. घर. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागची गॅलरी माझ्या एकटीच्या नावावर आहे. हे घर मी माझ्या नातीला देते. ती सहा वर्षांची आहे. ती सज्ञान होईपर्यंत तिच्या आईने, म्हणजे माझ्या सुनेने, ते सांभाळावे, भाड्याने द्यावे किंवा कुलूप लावून ठेवावे. मला काही म्हणायचे नाही, म्हणायचा हक्कही राहिलेला नाही. गॅलरीची खिडकी आधी वर उचलून मग ढकलावी लागते. मागच्या खोलीच्या दाराला खालून खड्डे आहेत, ते माझ्या मुलाच्या डाव्या पायाने मारलेल्या चेंडूचे आहेत. दार बदलायचे असेल तर खुशाल बदलावे. माझ्याने झाले नाही.

कलम २. बँकेतले पैसे. माझी खाती दोन आहेत. पहिल्यात माझ्या औषधपाण्याचे आणि अंत्यविधीचे पैसे आहेत, उरतील ते सुनेचे. दुसऱ्या खात्यातल्या पैशाला मी आजवर हात लावलेला नाही. तो सगळा नातीचा. तो कुठून आला हे लिहिणे भाग आहे, नाहीतर उद्या कोणी म्हणेल आजीने साठवला. आजीने साठवलेला नाही.

आमच्या लीगचा नियम असा आहे की, कोणत्याही क्लबच्या सगळ्या खेळाडूंच्या पगाराची बेरीज एका ठरलेल्या आकड्याच्या वर जाता कामा नये. याला पगारमर्यादा म्हणतात. श्रीमंत क्लबांनी सगळे चांगले खेळाडू विकत घेऊन ठेवू नयेत म्हणून केलेला नियम आहे आणि तो चांगला आहे. दर हंगामात ही बेरीज करून लीगला पाठवायचे काम माझे होते. कचेरीतल्या लोकांचे पगार मात्र त्या बेरजेत धरत नाहीत. कारकून, माळी, धोबी, आम्ही सगळे मर्यादेच्या बाहेर.

माझा मुलगा डाव्या बगलेचा बचावपटू होता. प्रेक्षक त्याला 'पाचर' म्हणत, कारण तो एकदा मध्ये घुसला की पुढच्याला हलता येत नसे. ज्या वर्षी त्याचा करार नव्याने व्हायचा होता, त्याच वर्षी क्लबने एक नावाजलेला आघाडीचा खेळाडू आणला. ज्या क्लबात ओळखीचा चेहरा, त्या क्लबाचे सामने चॅनलवाले जास्त दाखवतात, आणि जितके सामने दाखवले जातात तितका प्रक्षेपणाचा पैसा क्लबला मिळतो. चॅनलला चेहरा हवा होता. चेहऱ्याने मर्यादेतली जागा खाल्ली. उरलेल्या जागेत माझा मुलगा बसेना.

तेव्हा आमचे मॅनेजर माझ्या टेबलापाशी आले. कपड्यांवर एक सुरकुती नाही आणि कपाळावरही नाही, म्हणून आम्ही त्यांना मागे इस्त्रीसाहेब म्हणायचो.

"बाई, तुमचा पगार वाढवायचाय," ते म्हणाले.

"कशाबद्दल?"

"तुमच्या मुलाबद्दल."

करार असा ठरला. शंभरातले पस्तीस मुलाच्या नावे कागदावर, पासष्ट माझ्या पगारात घालून माझ्यामार्फत त्याला. नियम मला पाठ होता. तरी मी हो म्हटले, कारण नाहीतर त्याला दुसऱ्या गावचा क्लब धरावा लागला असता आणि मला तो घरात हवा होता. यात माझ्यावर कोणी जबरदस्ती केली नाही.

दर महिन्याला मी बँकेतून पासष्ट काढून आणायची, स्वयंपाकघरातल्या टेबलावर मोजून त्याच्यापुढे ठेवायची आणि वही पुढे करायची.

"आई, अगं पोटच्या पोराची सही घेतेस?"

"पैसे हातात, तर सही कागदावर."

"उद्या जेवायला वाढलंस तरी सही घेशील."

"दोनदा वाढून घेतलंस तर घेईन."

अशा बावीस सह्या झाल्या. महिना, रक्कम, सही. शेवटच्या सहीखाली त्याने एक छोटा फुटबॉल काढला आहे. मी रागावले होते.

पुढे गुडघा गेला. तो आठवडाभर आधीच सुजलेला होता. पण सामना थेट प्रक्षेपणाचा होता आणि त्याच्या जागी दुसरा घ्यायला मर्यादेत जागा नव्हती. दुखणे दाबायची सुई देऊन मैदानात उतरवला. एकतिसाव्या मिनिटाला खाली बसला तो स्ट्रेचरवरच उठला. करार संपल्यावर क्लबने तो वाढवला नाही आणि भरपाई दिली ती पस्तिसावर.

मी निवृत्त झाले तेव्हा पेन्शन ठरली शेवटच्या पाच वर्षांच्या पगारावरून. त्या पाच वर्षांत ते बावीस महिने होते. म्हणजे आजही दर महिन्याला माझ्या पेन्शनमध्ये त्याच्या पगाराचा वाटा येतो. माझी पेन्शन माझ्या मुलाच्या गुडघ्यावर उभी आहे. तो जास्तीचा वाटा मी दर महिन्याला दुसऱ्या खात्यात टाकते. पाकिटात घालून सुनेकडेही पाठवून पाहिला. पाकिटे न उघडता परत आली, चिकटपट्टीसुद्धा सुटलेली नव्हती.

कलम ३. कामाची हत्यारे. बेरजेचे यंत्र (कागदाची दोन भेंडोळी शिल्लक आहेत), लोखंडी पट्टी आणि तारखेचा शिक्का माझ्या जागेवर आता बसणाऱ्या मुलीला द्यावा. यंत्राचे सातचे बटण जरा जोराने दाबावे लागते. तिच्यासाठी एकच सूचना. एखाद्याचा पगार एकदम फुगला तर त्याचे काम फुगले आहे का, ते उठून बघून यावे. खुर्चीत बसून कळत नाही.

कलम ४. टीव्ही. तळमजल्यावरच्या न्हाव्याच्या दुकानाला द्यावा. बंद आहे, पण बिघडलेला नाही. मी त्या सामन्यानंतर लावला नाही. त्या दिवशी गुडघा वळताना अकरा वेळा दाखवला, कधी हळू, कधी मागून. मी मोजले. समालोचक म्हणाला, "जुनी गाडी, कधीतरी बंद पडायचीच." माझा मुलगा अठ्ठावीस वर्षांचा होता. त्याच्या गुडघ्याचा एक्स-रे कपाटाच्या वरच्या खणात आहे. तो त्या समालोचकाला पोस्टाने पाठवावा. चिठ्ठी घालू नये.

कलम ५. भिंतीवरचे घड्याळ. मला निवृत्तीच्या दिवशी क्लबने दिलेले. इस्त्रीसाहेबांना परत करावे. त्यात कधी सेल घातलेला नाही.

कलम ६. वही. वर लिहिलेली बावीस सह्यांची वही मी माझ्या सुनेला देते. माझ्या मृत्यूनंतर ती पिठाच्या डब्यामागे, प्लॅस्टिकच्या पिशवीत सापडेल.

या वहीबद्दल मी खोटे बोलले आहे. भरपाई पस्तिसावर आली तेव्हा मुलगा क्लबशी भांडला. क्लब म्हणाला, जास्तीचा पगार कसला, कागद दाखव. त्याच्या आदल्याच दिवशी इस्त्रीसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतले होते.

"बाई, ती वही बाहेर आली तर लीग आपले गुण कापेल. गुण गेले की क्लब खालच्या गटात. तिथं एक कॅमेरा येत नाही. प्रक्षेपणाचा पैसा बंद म्हणजे साठ घरांच्या चुली बंद. त्यात तुमचीही आली. चौदा महिने राहिलेत ना पेन्शनला?"

घरी मुलगा टेबलाशी बसला होता, पाय स्टुलावर. म्हणाला, "आई, वही दे."

मी म्हटले, "वही नाही. रद्दीत गेली."

एकतीस वर्षांत मी एक चिठोरे रद्दीत घातलेले नव्हते, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक नव्हते. त्याने माझ्याकडे बघितले. "बरं," म्हणाला. पाणी प्यायला, पेला विसळून उपडा घातला आणि गेला. वहीचे नाव पुन्हा कधी काढले नाही. तो नंतरही येत राहिला, माझी औषधे आणून देत राहिला. भांडला असता तर बरे झाले असते.

पुढे त्याने काम धरले ते प्रक्षेपणवाल्यांकडेच, रोजंदारीवर. मैदानाभोवती केबल टाकायच्या, कॅमेऱ्याच्या मचाणावर चढवायच्या. गेल्या वर्षी शिडीवर गुडघ्याने दगा दिला. मचाण तीन मजले उंच होते. सामना ठरल्या वेळी सुरू झाला.

कलम ७. सुनेबद्दल. ती औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी असते. तिचे माझे भांडण झालेले नाही. दिवसकार्य आटोपल्यावर तिने मला एकच विचारले होते, "आई, ते म्हणायचे वही आहे. आहे का?" मी भिंतीकडे बघत राहिले. तेव्हापासून ती मला आई म्हणत नाही.

लीगचा खेळाडू कल्याण निधी आहे. मैदानावरच्या दुखापतीने ज्याचा खेळ सुटला, त्याच्या घराला मूल अठरा वर्षांचे होईपर्यंत दरमहा मदत मिळते, पण पूर्ण कराराचा खेळाडू असेल तरच. पस्तीस पगाराचा खेळाडू राखीव धरतात. राखीव खेळाडूच्या घराला एकदाच काहीतरी देतात आणि फाईल मिटते. सुनेने अर्ज केला आहे. पुरावा नाही. सुनावणी पुढच्या महिन्याच्या चौदा तारखेला आहे, आणि ती शेवटची आहे.

कलम ८. अंत्यविधी. क्लबचा हार नको. क्लबचे कोणी आले तर बसायला खुर्ची द्यावी, बोलायला देऊ नये.

कलम ९. इथपर्यंत मागच्या महिन्याअखेर लिहून झाले होते. काल साक्षीदार म्हणून मैदानाच्या माळ्याला बोलावले. माझ्या मुलाच्या पहिल्या दिवसापासून त्या मैदानाचे गवत त्यानेच राखले आहे. साक्षीदाराला मृत्युपत्रात काही ठेवता येत नाही, असे मी त्याला सांगितले. तो म्हणाला, "बरंय, उचलून न्यायची दगदग नाही." मग चष्मा लावून सगळे वाचले. साक्षीदाराने वाचायची गरज नसते, पण त्याने वाचले.

"बाई, हे उघडणार कधी?"

"मी गेल्यावर."

"आणि सुनावणी चौदाला."

"हो."

"मग चौदाच्या आत जायचा बेत आहे का तुमचा?"

खरे सांगायचे तर माझा तोच हिशेब होता. डॉक्टरांनी हंगामाअखेरपर्यंत म्हटले होते, मी वाट बघत होते. वही सापडावी, पण ती कोणी माझ्यासमोर उघडू नये, एवढेच मला हवे होते. आणि हंगाम संपत आला तरी मी चालते-फिरते आहे.

"मेल्यावर खरं बोलायला काय लागतं?" माळी म्हणाला. "आम्ही काय, आमचं गवत कुठंही उगवतं. माझी चूल मध्ये घालू नका."

म्हणून कलम ६ मी रद्द करते. माणूस मरताना जे त्याच्याजवळ असेल तेच त्याला देता येते. वही आता माझ्याजवळ नाही. आज सकाळी अकरा वाजता मी ती औषधांच्या दुकानात सुनेच्या हातात दिली. गिऱ्हाईक उभे होते, तिने त्याला सुटे पैसे दिले आणि मग पिशवी उघडली. पाने उलटत शेवटच्या सहीपर्यंत गेली. फुटबॉलवर तिने बोट ठेवले.

"पोच म्हणून सही करू?" तिने विचारले. माझी सवय तिला माहीत आहे.

"नको."

"मग तुम्ही करा." तिने काउंटरखालून अर्जाची फाईल काढली. साक्षीदाराची जागा रिकामी होती. कोणत्या आशेने रिकामी ठेवली होती, मी विचारले नाही. "नुसती वही नको मला. चौदाला तुम्ही यायचं. त्यांच्यासमोर उभं राहून तोंडानं सांगायचं, पैसे कोणी दिले, कोणी घेतले, आणि वही कुठं होती."

"कुठं होती तेही?"

"तेच आधी."

मी सही केली. तिने ती नीट बघितली, फाईल बंद केली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

त्यामुळे कलम २ मध्ये दुरुस्ती. चौदा तारखेनंतर माझी पेन्शन बहुधा बंद होईल, दुसऱ्या खात्यात भर पडणार नाही. आहे तेवढे नातीचेच. क्लबचे जे होईल ते होईल. साठ घरांना मी काही ठेवू शकत नाही, त्यांची माफी मागते. मुलाची माफी कोणत्या कलमात मागायची ते मला सापडले नाही, म्हणून जागा सोडली आहे.

 

वरील सर्व मी दोनदा वाचून पाहिले. खाडाखोड फक्त कलम ६ ची आहे, ती माझी आहे आणि तिच्यावर माझी सही आहे.

ठिकाण: राहते घर, स्वयंपाकघरातले टेबल
दिनांक: पाच. सुनावणीला नऊ दिवस.

(सही) मृत्युपत्र करणारी, निवृत्त पगार कारकून, 'पाचर'ची आई

आमच्या दोघांसमोर सही केली, आणि आम्ही दोघांनी तिच्यासमोर:

(सही) साक्षीदार पहिला, मैदानाचा माळी. चौदा तारखेला बाईंना सुनावणीला घेऊन जाणार.

(सही) साक्षीदार दुसरी, शेजारीण, क्लबच्या जर्सींवर नंबर शिवणारी. मीही जाणार.