उजवा मधला पाय

४ फेब्रुवारी

चि. भिंगरीस मावशीचे आशीर्वाद.

तुझ्या प्रयोगशाळेत जनुकं वाचायचं यंत्र आलं, हे तुझ्या आईकडून कळलं. तू कळवायला हवं होतंस. असो. काम सांगते.

संग्रहालयात मी मारेकरी ढेकणांवर काम करायचे, सोंडेनं भोसकून शिकार करणाऱ्या त्या जमातीवर. पुढचे पाय काटेरी असलेले सगळे ढेकूण आमच्या विभागप्रमुखांनी एका नव्या प्रजातीत, म्हणजे सख्ख्या जातींच्या एका गटात, कोंबले आणि तिला आपल्या बायकोचं नाव दिलं. मी म्हटलं, पाय सारखे झाले ते शिकार सारखी म्हणून. कूळ वेगळं आहे. सगळ्यांदेखत ते हसले आणि म्हणाले, बाई, तुम्ही आपली लेबलं चिकटवा. सव्वीस वर्षं चिकटवली.

ती प्रजाती ज्या एका किड्यावर उभी आहे, तो अजून त्यांच्याच कपाटात आहे. निवृत्त झाले तरी किल्ली सोडलेली नाही. त्या किड्याचा एक पाय माग. कूळ तपासायचंय असं लिही. त्यात खोटं काही नाही. वर ‘आपल्या मार्गदर्शनाखाली’ एवढं घाल. विरघळतील.

उत्तर लवकर धाड, म्हणजे लोभ टिकेल.

तुझी मावशी

२१ एप्रिल

ती. मावशीस शि. सा. न. वि. वि.

विरघळले! स्वतःच्या चिमट्यानं उजवा मधला पाय काढून दिला, वर चहा पाजला.

निकाल तुझ्या बाजूनं. तीनदा ताडून पाहिला. त्यांच्या प्रजातीतले काही ढेकूण एका कुळातले, काही दुसऱ्याच. चुलत सोड, लांबची सोयरीकही नाही. आणि ज्याच्यावर सगळं उभं, तो किडा तर एका जुन्याच प्रजातीत जाऊन बसला. म्हणजे नवं नाव बाद.

परवा त्यांना दाखवलं. त्यांनी निकाल दोनदा वाचला. मग म्हणाले, हे तुझ्या मावशीचं डोकं. त्यांच्या पत्नी आजारी आहेत. त्या ढेकणाचं चित्र त्यांच्या उशाशी भिंतीवर आहे. ऑक्टोबरात सरांचा सत्कार आहे, तोवर थांब म्हणतात. तिथे ते स्वतः चूक कबूल करतील, तुझं नाव घेऊन. आई म्हणते, झालं गेलं सोडून द्यायला सांग तिला. लेख छापायला तयार आहे. काय करू?

माया आहेच, रागावलीस तर थोडंच रागाव.

तुझी भिंगरी

२६ एप्रिल

चि. भिंगरीस आशीर्वाद.

छाप. ऑक्टोबरची वाट पाहू नकोस.

व्यासपीठावर ते कबूल करतील, लोक टाळ्या वाजवतील आणि घरी जाताना म्हणतील, सरांचं मन केवढं मोठं! माझ्या सव्वीस वर्षांवर त्यांचा मोठेपणा नको. तुझ्या आईला म्हणावं, ज्याचं जळतं त्याला कळतं. बाईंचं वाईट वाटतं, खरंच वाटतं. पण किड्याला त्यांचं नाव मी दिलं नव्हतं. चित्र राहू दे भिंतीवर.

लेखात माझं नाव नको, तळटीपेतही नको. पुरावा पायाचा आहे, मावशीच्या रागाचा नाही.

आणि शिस्त सोडू नकोस. तो किडा ज्या जातीचा, ती जाती शोधली त्यांनीच. ते श्रेय त्यांचं. पण जातीची प्रजाती बदलली, की शोधणाऱ्याचं नाव कंसात घालायचा नियम आहे. जगात जिथे जिथे तो किडा लिहिला जाईल, तिथे तिथे ते कंसात राहतील, तुझ्या-माझ्या मागेही.

छपाईआधी प्रुफं मला पाठव. मोतीबिंदू आहे, पण तेवढा कंस दोन्हीकडून नीट बंद झालाय ना, ते मी भिंग लावून पाहीन.

लोभ कमी करू नकोस.

तुझी मावशी