इंजिन क्रमांक १७१५३

नाशिक, रविवार, १५ मार्च १९९८

मनमाडला मुलगी पाहून आलो. तिच्या वडिलांनी भिंतीवरचा फोटो दाखवला. त्यांनी चालवलेले इंजिन, क्रमांक १७१५३. चहा संपेपर्यंत मी मनात तेरापर्यंत भागून पाहिले आणि म्हणालो, "ही मूळ संख्या आहे. कशानेच भाग जात नाही." दहावी नापास माणसाला मिरवायला तेवढेच आहे.

सुनंदा हळूच म्हणाली, "सतराने जातो ना."

"नाही जात." करून न पाहताच म्हणालो.

"पाहुण्यांशी वाद घालू नये," तिचे वडील म्हणाले. ती बशा उचलून आत गेली.

बसमध्ये मामा म्हणाले, "पोरगी आगाऊ आहे रे. उद्या नकार कळवतो." मी मान हलवली. का हलवली?

घरी येऊन भागाकार मांडला. मांडायचीही गरज नव्हती. सतरा हजार तर सतराचेच. उरले एकशे त्रेपन्न, म्हणजे सतरा नवे. तिला एका नजरेत दिसले.

आत्ताच मामांकडे जातो. आधी एवढेच कळवा म्हणावे, की सुनंदाचे बरोबर होते, आणि तिच्या वडिलांसमोर कळवा. होकार-नकार त्यानंतर. तोही तिने द्यायचा.